ट्रान्सफॉर्मरवाल्या काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात बुधवार पेठेतील आपल्या दुकानात मी पिशवीतून दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन आलो होतो आणि त्यांतील एकाला जळका वास येत होता. ओहमचा नियम आणि तांब्याचा मुलामा या प्रयोगांसाठी आमच्या शाळेत दरवर्षी सेल आणावे लागत आणि ते ऐन प्रयोगात उतरत, म्हणून सेलसारखीच एकदिश वीज देणारा डीसी पॉवर सप्लाय स्वतःच बांधायचे मी ठरवले होते. १२ व्होल्ट, २ ॲम्पियरच्या दोन सारख्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी, म्हणजे १२ व्होल्ट बाहेर देणाऱ्या वाइंडिंग (तारेच्या गुंडाळ्या), समांतर जोडल्या की ४ ॲम्पियर मिळतील, एवढाच माझा हिशेब होता.

आपण मला दोष दिला नाही. दुकानात गिऱ्हाईक उभे असतानाही आपण जळलेली सेकंडरी नव्याने गुंडाळून दिली, चूक झालीच तर प्रवाह रोखणाऱ्या ६० वॅटच्या सिरीज दिव्यातून दोन्ही प्रायमरींना, म्हणजे घरगुती वीज घेणाऱ्या वाइंडिंगना, २३० व्होल्ट दिले, सेकंडरींचे एकेक टोक एकत्र केले आणि उरलेल्या दोन टोकांवर मीटर धरायला मला सांगितले. मीटरने २४ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवला. ती टोके जोडली असती तर हे सारे २४ व्होल्ट वाइंडिंगच्या जेमतेम रोधावर पडले असते, आणि घरी मी नेमके तेच केले होते. एका सेकंडरीची टोके बदलताच आकडा जवळजवळ शून्यावर आला, तेव्हाच आपण जोडणीस परवानगी दिली. प्रायमरीची टोके उलटली तरी हीच गत होते, हेही आपण मला करून दाखवलेत.

त्याहून मोलाचे मला वाटते ते आपण जाता जाता सांगितलेले. एसीची डीसी करणारा डायोडचा ब्रिज आणि ती सपाट करणारा कपॅसिटर लावल्यावर ४ ॲम्पियर एसीचे ४ ॲम्पियर डीसी होत नाहीत, कारण कपॅसिटर एसी व्होल्टेजच्या शिखराशी थोडा वेळच पण जोरात प्रवाह ओढतो आणि वाइंडिंग तापते. म्हणून अडीच ॲम्पियरच्या आत राहावे. १२ व्होल्टचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते, रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर त्याहूनही जास्त, म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर आपण माझ्या हातातून काढून घेतला आणि २५ व्होल्टचे, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन दिले.

पेटी आता पूर्ण झाली आहे. प्रायमरीत फ्यूज आहे, ट्रान्सफॉर्मरची लोखंडी पाटी व पेटी अर्थिंगला जोडली आहे, आणि मोठ्या हीट सिंकवरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावरचा) एलएम ३३८ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर दीड ते नऊ व्होल्ट देतो. दोन ॲम्पियरवर तासभर चालवूनही ट्रान्सफॉर्मरला हात लावता येतो.

त्या संध्याकाळी आपण फक्त तारेचे आणि कपॅसिटरचे पैसे घेतलेत, वेळेचे घेतले नाहीत. त्याबद्दल मी आणि आमचे विद्यार्थी मनापासून आभारी आहोत. कधी सवड झाली तर शाळेत यावे आणि पेटी उघडून जोडणी एकदा आपल्या नजरेखालून घालावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षक