साखरेच्या पैशातलं घर अन् कसब्यातले वाडे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या सोलापुरातल्या कसब्यातला अजून एक वाडा पाडल्याचा फोटो तुमच्या पेपरात आला, खाली दोन ओळी, "ऐतिहासिक वास्तू जमीनदोस्त", बास. कुणाचा, कधीचा, आत कोण राहायचं, काही नाही. म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर कात्री लावा.

उन्हाळ्यात लेकीकडं इंग्लंडात ब्रिस्टलला गेलतो. जावई म्हणले चला बाबा, एक जुनं घर दाखवतो. ग्रेट जॉर्ज स्ट्रीट, ७ नंबर, आता तिथं म्युझियम आहे. राजवाडा असंल वाटलं, तर निघालं रस्त्याला लागून दगडी तोंडाचं सरळसोट घर. जॉर्ज नावाचे चार राजे एकामागं एक झाले तिकडं, १७१४ ते १८३०, त्या काळातल्या बांधणीला जॉर्जियन म्हणतात. नक्षीकाम फारसं नाही, सगळी करामत मापाची. खिडकीवर खिडकी बरोबर एका ओळीत, पाहुण्यांच्या मजल्यावर उंच खिडक्या अन् वर जाईल तशा बुटक्या. त्या काळी खिडक्या मोजून टॅक्स घ्यायचे म्हणे, १६९६ पासून थेट १८५१ पर्यंत, मग लोकांनी खिडक्याच विटा लावून बुजवल्या. आपल्या माळवदाच्या सवण्यावर, म्हणजे मातीच्या छतातल्या उजेडाच्या भोकावर, कुणी पट्टी बसवली नाही हे नशीब.

तळघरात स्वयंपाकघर, अन् तिथंच दगडात बांधलेला गार पाण्याचा हौद, मालकाला डुबकी मारायला. हा मालक म्हणजे जॉन पिनी. १७९० च्या आसपास त्यानं हे घर बांधलं ते साखरेच्या पैशावर. कॅरिबियन समुद्रात नेव्हिस नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथं त्याचे उसाचे मळे, अन् मळ्यात राबायला विकत घेतलेली माणसं. ऊस म्हणल्यावर सोलापूरच्या माणसाचे कान टवकारणारच की.

त्यातला एक पेरो. १७६५ साली पिनीनं त्याला विकत घेतला तेव्हा पोरगं १२ वर्षाचं. पुढं मालकाचा खास नोकर म्हणून त्याच्याबरोबर इंग्लंडला आला, याच घरात राहिला, १७९८ ला वारला. हे सगळं तिथं मांडून ठेवलंय, लपवाछपवी नाही. मालकाचं टेबल-कपाट जसं दाखवतात तसंच पेरोचं पण सांगतात, अन् १९९९ साली बंदरावर चालत जायचा पूल झाला त्याला नाव पिनीचं नाही, पेरोचं दिलं. मी त्या पुलावर मुद्दाम दोनदा गेलो.

घर १९३७ पासून शहराच्या ताब्यात आहे, संरक्षित यादीत ग्रेड टू स्टार, म्हणजे तीन दर्जांतला मधला. यादीतल्या घराला परवानगीशिवाय वेडावाकडा हात लावला, आतनं पण, तर सरळ गुन्हा. खरं सांगू का, हे आपल्याकडं जसंच्या तसं आणा असं मी म्हणणार नाही. एका वाड्याला चौदा वारस, त्यातले सहा पुण्यात, माळवद दर पावसाळ्यात गळणार, ते कुणी अन् कशाच्या पैशानं राखायचं? आमचा वाडा आम्हीच विकला, त्यामुळं दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं तोंड मला नाही. पण विकायच्या आधी मोजमाप तरी घ्यायला पाहिजे होतं. ढेलज, म्हणजे दारातली पडवी, केवढी, आड किती खोल, बळदात किती पोती ज्वारी मावायची, कायच लिहून ठेवलं नाही. आणि आमच्याकडं तीस वर्षं भाकरी थापायला येणाऱ्या मावशींचं आडनाव विचारलं तर मला येत नाही, माझ्या थोरल्या भावाला पण नाही.

महापालिकेची इंद्रभुवन इमारत म्हणलं की अप्पासाहेब वारदांचं नाव येतं, यायलाच पाहिजे. पण दगड घडवणारे पाथरवट कोण होते? १८७७ ची जुनी कापड मिल म्हणल्यावर शेठजी आठवतात, साच्यावर उभारलेली बाई कुणाला आठवते का?

तर माझं म्हणणं एवढंच, आर्किटेक्चरच्या पोरांना उन्हाळ्यात कसबा, बाळीवेस, मंगळवार पेठ वाटून द्या, मोजपट्टी अन् मोबाईल घेऊन वाड्यावाड्यात जाऊद्यात, नकाशा काढूद्यात अन् म्हाताऱ्या माणसांकडनं मालकाबरोबर कामवाल्यांची, भाडेकऱ्यांची पण नावं लिहून घेऊद्यात. नंतर वाडा पडला तर पडला. आणि पेपरात फोटोखाली दोन ओळीच्या जागी दहा छापा की, जागा कमी पडली तर एक जाहिरात काढा. (हे छापणार नाही तुम्ही, माहितंय.)

आमच्या वाड्याची सागवानी चौकट अजून होटगी रोडला चुलत भावाच्या शेडमध्ये पडून आहे, वाळवी लागली नसंल तर कुणी म्युझियम करणार असंल त्याला फुकट देतो, टेम्पोभाडं तेवढं त्यांनी बघावं.

आपला,
एक जुना वाचक, दक्षिण कसबा, सोलापूर