चि. सईस, 'नोस्फेराटू'बद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

स्टेशनवर तुला चक्कर आली हे मिहीरकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. जेवणाखाणाचा विषय काढायचा नाही, अशी आईची मला ताकीद आहे. म्हणून 'नोस्फेराटू' या जुन्या जर्मन मूकपटाबद्दल लिहितो. दिवाळीत तू म्हणाली होतीस, "बाबा, मोबाइलवर थोडा पाहिला. माणसं तुरुतुरु पळतात, भूत भर उन्हात फिरतं. हसू आलं." तेव्हा मी काही बोललो नाही. आता दुरुस्त केलेल्या प्रतीची डिस्क हातात आली आहे आणि गप्प बसवत नाही.

तू पाहिलीस ती प्रतच वाईट होती. मूकपटांच्या वेळी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग आजच्यापेक्षा कमी असायचा. तेच रीळ सेकंदाला 24 चौकटींनी पळवलं की माणसं तुरुतुरु पळणारच. नीट वेगाने लावलं तर चित्र दीड तासाच्या थोडं वर जातं, आणि रक्तपिपासू काउंट ऑर्लॉक झालेला मॅक्स श्रेक एकेक पाऊल टाकतो तेव्हा आपण खुर्चीत मागे सरकतो.

उन्हाचं म्हणशील तर 1922 साली बाहेर रात्रीचं चित्रीकरण सोपं नव्हतं. दिग्दर्शक मुर्नाऊने रात्रीचे प्रसंग दिवसाच घेतले आणि मग प्रतींना रंग चढवले. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळी, पहाट गुलाबी. पुढे नुसत्या काळ्यापांढऱ्या प्रती निघत गेल्या आणि चित्रपटातली रात्रच पुसली गेली. मी कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला तो तसाच. काउंट ऑर्लॉक काखेत शवपेटी घेऊन लख्ख दुपारी गावातून चाललेला. तरीही त्या रात्री मला झोप लागली नव्हती. या डिस्कवर तोच प्रसंग निळा आहे. रिकामं गाव, बंद खिडक्या, आणि तो एकटा स्वतःची पेटी स्वतःच वाहतोय. मला त्याची भीती वाटलीच, पण कीवही आली. ती पहिल्या वेळी आली नव्हती.

लॅबमधून रात्री किती वाजता निघतेस गं? मिहीर म्हणाला, शेवटची गाडी. रोज?

असो. हा चित्रपट आज आहे हेच नवल. 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता केला म्हणून तिचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि 1925 मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या, त्यातली एक रंगवलेली प्रत पॅरिसमध्ये राहिली आणि तिच्या आधाराने पुढे सगळं पुन्हा उभं केलं. आपल्याकडे तर कुठल्या कोर्टाने हुकूमही दिला नव्हता, तरी फाळक्यांचा 1913चा 'राजा हरिश्चंद्र' आज कुणाकडेच पूर्ण नाही. हे मला फार लागतं.

जिन्यावरची सावली मात्र नीट बघ. माणूस दिसतच नाही, फक्त वर चढणारी सावली आणि लांबत जाणारी बोटं. मग त्या हाताची सावली नायिका एलेनच्या छातीवर येते आणि मूठ आवळते. अण्णांच्या खोलीत लाइट गेले की मी मेणबत्तीपुढे हात धरून असंच काहीतरी करायचो. श्री रडत आईकडे पळायचा आणि तू म्हणायचीस, "अजून मोठी करा." चार वर्षांची असशील. मला केवढा अभिमान वाटायचा, आणि मनात यायचं की ही कशालाच भीत नाही, हिचं कसं होणार. अजूनही तेच मनात येतं.

शेवटी एलेन काउंटला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी थांबवून ठेवते. सूर्य उगवतो आणि तो विरून जातो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना या चित्रपटाची, स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. एलेन जागी राहिली म्हणून गाव वाचलं, पण ती स्वतः राहिली नाही. सई, तुझ्या जागण्यावर कुणाचं गाव अडलेलं नाही. प्रबंध दोन महिने उशिरा दिलास तर काय होईल? माणसाने वेळेवर जेवावं, सहा-सात तास झोपावं, डोकं त्याशिवाय चालत नाही, आणि तुझ्यासारखं डोकं तर...

पुरे. व्याख्यान झालं, माफ कर. आईला हे पत्र दाखवणार नाही.

तुझ्या लॅपटॉपला डिस्क लागत नाही हे माहीत आहे. मिहीरकडे प्लेअर आहे, त्याच्याकडे बघ, म्हणजे एकटी नसशील. दिवे मालव, फोन लांब ठेव, आवाज बंद करू नकोस. हान्स एर्डमनने त्यासाठीच रचलेलं संगीत पुन्हा जुळवून यावर घातलंय. आणि रात्री अकराला सुरू करू नका, जेवून आठला बसा. एखाद्या रविवारी ल्यूबेकलाही जाऊन ये, हॅम्बुर्गहून तासाभराच्या आत पोचतेस. होल्स्टन दरवाज्याशेजारी, ट्राव नदीच्या काठी मिठाची जुनी गोदामं आहेत. ऑर्लॉक जे घर विकत घेतो ते म्हणजे तीच. जाताना डबा घेऊन जा.

पार्सलमध्ये डिस्कबरोबर मेतकूट आणि डिंकाचे लाडू आहेत. लाडू लॅबमध्ये वाटून टाकू नकोस. रक्ताचा रिपोर्ट आला की आधी मला पाठव, आईला मी सांगेन.

तुझा,
बाबा