खोली नको, शुक्रवारची गाडी हवी

मॅ चान, जि. चियांग राय, थायलंड
४ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या पत्राचा फोटो दादाने पाठवला. अक्षर जरा कापतंय, पण वेलांट्या अजून तशाच डौलदार आहेत. आजीच्या पाटल्या मोडून आलेले पैसे नुसते बँकेत पडून आहेत, त्यातून तुझ्या अनाथाश्रमाला एक खोली बांधून देतो, दारावर आजीच्या नावाची फरशी बसव, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी बराच वेळ अंगणात बसून राहिले. उत्तराला चार दिवस लागले, कारण नाही म्हणायचं होतं आणि ते फोनवर म्हणायचं नव्हतं.

पहिली गोष्ट, आमचा अनाथाश्रम नाही. नऊ वर्षं तुम्ही सगळ्यांना तसंच सांगत आलात आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. गणपतीत आलेल्या पाहुण्यांना तेवढं पुरायचं. पण आता आजीचं सोनं त्या शब्दापायी खर्च होणार असेल तर मला नीट सांगायला हवं. आमच्या यादीत ३८ मुलं आहेत. त्यांतल्या ३४ जणांची आई किंवा वडील, बहुतेकांचे दोघंही, हयात आहेत. वर डोंगरात कॉफी आणि मका करतात, नाहीतर चियांग मायला बांधकामावर जातात. उरलेल्या चौघांना आज्या आहेत. आई, तुला हे सांगायची गरज नाही. बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची मुलं तू साखरशाळेत शिकवलीस, ती पाचटाच्या कोपीत राहायची, अंगावर धड कपडा नसायचा, पण त्यांना अनाथ म्हणायचं तुझ्या कधी मनात आलं का? त्यांचे आईबाप फडात होते, एवढंच. इथलंही तसंच आहे.

मी आल्या वर्षी ज्या बालगृहात काम केलं, त्याबद्दल तुम्हाला फारसं लिहिलं नव्हतं. त्याचं नाव आजही लिहीत नाही. तिथे सहा वर्षांची एक आखा मुलगी होती, आखा म्हणजे इथली डोंगरातली एक जमात, तिची भाषा वेगळी. पाहुणे आले की ती धावत जायची आणि येईल त्या बाईच्या कमरेला मिठी मारून 'मॅ' म्हणायची. थाईत मॅ म्हणजे आई. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि माझ्याही. सहा महिन्यांनी कळलं की तिची आई तिथून ४० किलोमीटरवर राहते. वर्षातून दोनदा येते, कारण गाडीभाड्याला पैसे नसतात. ती आली त्या दिवशी मी होते. पोरगी तिच्याकडे पाहून दाराआड उभी राहिली. तिला आखा बोलता येत नव्हती आणि आईला थाई जेमतेम. दोघींच्या मध्ये मी, मराठी बाई, मोडक्या थाईत दुभाषी म्हणून बसले. त्या बालगृहाला देणग्या भरपूर होत्या, इमारत नवी होती, प्रत्येक खोलीच्या दारावर कुणाच्या ना कुणाच्या आईच्या, आजीच्या नावाची पाटी होती. बाबा, खोली नको असं मी का म्हणते ते आता लक्षात येईल. खोली बांधली की ती भरावी लागते. रिकामी खोली देणगीदाराला दाखवता येत नाही, मग डोंगरातून मुलं आणली जातात.

म्हणून त्या बालगृहातून वेगळं झाल्यावर आम्ही ठरवलं की मूल घरी राहूनच शिकलं पाहिजे, आणि ते जमणारच नसेल तर दर आठवड्याला घरी गेलं पाहिजे. वरच्या गावांत शाळा सहावीपर्यंत आहे. पुढचं शिक्षण खाली. फीचा प्रश्न फार मोठा नाही. २००५ साली इथल्या मंत्रिमंडळानं ठराव केला तेव्हापासून कागद नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत घ्यावंच लागतं. अडतं ते गाडीभाड्यावर, बुटांवर, आठवडाभर राहायच्या जागेवर. आमची मुलं सोमवार ते शुक्रवार शाळेच्याच वसतिगृहात राहतात, आपल्या आश्रमशाळेसारखं. आम्ही तिघी मिळून त्यांची ने-आण, संध्याकाळचा अभ्यास आणि कागदपत्रं बघतो. एवढीच आमची संस्था.

कागदपत्रांवर माझा निम्मा वेळ जातो. इथे प्रत्येकाला १३ आकडी नंबर असतो. ज्यांची नोंदच झालेली नाही त्यांना शून्यापासून सुरू होणारा नंबर देतात, आणि काहींना तोही नाही, शाळेपुरता 'जी' अक्षराचा नंबर. असल्या मुलाला परवानगीशिवाय प्रांताबाहेर जाता येत नाही. सहलीच्या यादीत त्याचं नाव वेगळं काढतात, आणि बारावीनंतर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. याच डोंगरात जन्मलेलं मूल आणि त्याला कुठलाच देश नाही.

यात मला सगळ्यात लागतं ते असं. आखा लोकांत बापाच्या नावातला शेवटचा शब्द मुलाच्या नावाच्या सुरुवातीला घेतात. असं नावात नाव गुंफत जातं आणि जुनी माणसं साठाच्या वर पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा, मला तुमचा त्र्यंबकेश्वरचा दिवस आठवला. गुरुजींनी लाल कापडातली वही उघडली, पणजोबांचं नाव बोटाने दाखवलं आणि तुम्ही तिथेच जमिनीवर बसलात. तुमच्याकडे चार-पाच पिढ्या होत्या. या म्हाताऱ्या बाबांकडे साठ आहेत, आणि तालुक्याच्या कचेरीत, आम्फोमध्ये, त्यांचा नातू कोण हे सिद्ध करायला डीएनए तपासणी मागतात.

एका मुलाच्या प्रकरणात आम्ही तीन वर्षं गेलो. गावच्या पाटलाचा दाखला, ज्या सुईणीने त्याला हातात घेतलं तिची साक्ष, शाळेचा दाखला, मग रक्ताचं नातं दाखवायला थाई नागरिकत्व असलेल्या मामाची तपासणी. दर वेळी एक कागद कमी निघायचा. गेल्या वर्षी २९ ऑक्टोबरला सरकारनं सुमारे ४ लाख ८० हजार लोकांसाठी ही वाट सोपी करायचं ठरवलं, आणि इथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व लवकर मिळायची सोय झाली. निर्णय चांगला आहे, मनापासून चांगला. पण अर्ज लिहायला, रांगेत उभं राहायला, म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालून खाली आणायला माणूस लागतो. ते आम्ही करतो. मलाही दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो आणि परवान्याशिवाय काम करता येत नाही, पण माझ्या खिशात पासपोर्ट आहे. मला जायला एक देश आहे.

बाबा, २०१८ ची ती गुहा तुम्ही विसरणं शक्य नाही. थाम लुआंग इथून तासाभरावर आहे. १२ मुलं आणि त्यांचे फुटबॉलचे प्रशिक्षक २३ जूनला पाणी भरल्यामुळे आत अडकले, १० जुलैला शेवटचे बाहेर आले. तुम्ही रोज रात्री फोन करायचात. पाणी उपसायला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं आली आहेत, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पंप विमानाने पाठवायला तयार ठेवलेत, हे सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. आयुष्यभर ज्या कारखान्यात पंप जोडले त्याचं नाव माझ्या डोंगरात पोचलं म्हणून. तेव्हा एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. त्या तेरांपैकी तीन मुलं आणि प्रशिक्षक, असे चौघे कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं. आमच्याकडे सगळ्यांना आनंद झाला. आणि त्याच संध्याकाळी आमच्यातल्या एकाने विचारलं, "आम्हाला कधी?" मी त्याला वेळ लागेल असं सांगितलं. आता तो १९ वर्षांचा आहे, आणि त्याचं ओळखपत्र या जूनमध्ये आलं.

गेल्या वर्षीच्या पुराबद्दल फोनवर तुटक तुटक बोलले, कारण बोलायला लागले असते तर रडले असते. सप्टेंबरमध्ये यागी वादळाचा पाऊस झाला आणि मॅ साय गावात नदी शिरली. इथे बऱ्याच नद्यांच्या नावाआधी मॅ लावतात, आपण कृष्णामाई म्हणतो तसंच. माई कोपली की काय होतं ते २०१९ ला आपण सांगलीत पाहिलंय. पाणी उतरल्यावर घराघरांत मांडीएवढा चिखल होता. आमच्या दोन मुलांची घरं त्यात होती. "वाळायच्या आत काढ, वाळला की सिमेंट होतो, आधी दारापासून वाट कर, मग आत जा," हे तुमचे शब्द मी थाईत सांगत होते आणि वीस जण फावडी घेऊन ऐकत होते. एका घरात पलंगाखाली कागदांची पिशवी सापडली, लगदा झालेली. त्या बाईने तो लगदा दोन्ही हातांत धरला आणि ती खाली बसली. आई, तू पुरात पहिल्यांदा कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावर चढवलीस म्हणून आम्ही तुला हसलो होतो. रेशनकार्ड घेऊन काय करणार, टीव्ही वाचव, असं मी म्हणाले होते. चुकले. आता आमच्या प्रत्येक मुलाच्या कागदांचा एक संच आमच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असतो आणि एक इंटरनेटवर.

तर बाबा, पैशांचं. शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की दोन सॉन्गथेव मुलांना वर घेऊन जातात आणि रविवारी संध्याकाळी खाली आणतात. सॉन्गथेव म्हणजे मागे दोन बाकांची पिकअप, आपल्या वडापसारखी. पावसाळ्यात वरचा रस्ता घसरडा होतो, चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, भाडं वाढतं. देणगीदारांना या खर्चात रस नसतो. डिझेलवर कुणाच्या नावाची पाटी लावणार? मला मात्र आजीची आठवण याच कामात हवी आहे. आजोबा गेल्यावर चुलत्यांनी तुम्हाला बोर्डिंगात टाकायचं ठरवलं, तेव्हा तिने पाटल्या गहाण टाकल्या आणि तुम्हाला घरी ठेवलं, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितलीय. त्याच पाटल्या आहेत ना या? मग त्या पैशांतून शुक्रवारची गाडी चालू द्या. एका वर्षापुरते द्या, पुढचं पुढे बघू. दर महिन्याला मी हिशेब पाठवीन, तुम्ही नेहमीसारखा लाल पेनाने तपासा.

आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नव्हते. दादा-वहिनींनी सगळं केलं, आणि वहिनीने एका शब्दाने मला काही म्हटलं नाही. लेकराने आईजवळ राहावं म्हणून मी इथे दिवसरात्र धडपडते आणि स्वतः तुमच्यापासून इतकी लांब. हे मला कळतं. मागच्या महिन्यात त्या ओळखपत्र मिळालेल्या मुलाच्या आजीकडे वर गेले होते. आधी जेवायला वाढलं, कारण इथेही भेटल्यावर पहिला प्रश्न जेवलीस का हाच. मग तिने विचारलं, तुझी आई आहे का? मी म्हटलं, आहे. दुखतं-खुपतं का तिचं? म्हटलं, गुडघा. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, मग तू इथे काय करतेस? नातू भाषांतर करायला लाजत होता. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी हे काम सोडू शकत नाही आणि तुमची आठवण काढल्याशिवाय एक दिवस जात नाही, दोन्ही खरं आहे.

म्हणून तुम्ही या. मार्चमध्ये नको, तेव्हा शेतं आणि जंगलं जळतात, धुरात समोरचा डोंगर दिसत नाही आणि बाबांना दम लागेल. आताच या. ५ नोव्हेंबरला आपली त्रिपुरारी पौर्णिमा, त्याच दिवशी इथे नदीत केळीच्या खोडावर दिवे सोडतात आणि दारोदार मातीच्या पणत्या लावतात. आई, अगदी आपल्या घाटावरच्यासारख्या पणत्या. थंडी पडायला लागलेली असेल, शाल आणा. जून महिन्यातला गुरुवंदनेचा गुरुवार मात्र चुकेल. त्या दिवशी मुलं शिक्षकांसाठी दुर्वा, वांग्याची फुलं आणि लाह्या घेऊन येतात, आणि शिक्षकाला ख्रू म्हणतात, म्हणजे गुरूच. आई, तुझ्या डोळ्यांसमोर हे व्हायला हवं होतं. पुढच्या वर्षी त्यासाठी परत या.

मुंबईहून बँकॉक आणि तिथून चियांग राय. उतरायच्या आधी तीन दिवसांत देशात प्रवेशाचं ऑनलाइन कार्ड भरावं लागतं, ते मी भरते. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवते, आई, नको म्हणू नकोस. वरच्या गावापर्यंत गाडी जाते, चालावं लागणार नाही.

त्या आजीने निघताना उंबऱ्यापर्यंत येऊन सांगितलं, पुढच्या वेळी आईला घेऊन ये. मी हो म्हणून आले आहे. तिकिटं किती तारखेची काढू ते दादाकडून कळवा.

तुमची
धाकटी