हुमणी नव्हे, बुरशी: आमचे लॉन वाचवणाऱ्या काकूंना आभारपत्र

आदरणीय काकूंस,
सा. न. वि. वि.

गौरी-गणपती पार पडले, पाऊस ओसरला आणि आमच्या अंगणातल्या लॉनवर पुन्हा अनवाणी चालावेसे वाटू लागले, म्हणून आज हे पत्र लिहायला बसलो आहे. तोंडी आभार मानायला दोनदा आलो होतो, पण दोन्ही वेळा तुम्ही चहाचा कप पुढे करून विषय बदललात. आता लेखीच मानतो, आणि इतरांनाही वाचता येतील असे मानतो, कारण आपल्या तळेगावात आणखी तीन-चार बंगल्यांत याच पावसाळ्यात गवत पिवळे पडले आणि तिथेही माझ्यासारखेच आधी औषध आणि मग निदान, असे वरातीमागून घोडे निघाले, हे कानावर आले आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आंब्याखालच्या बाजूला ताटलीएवढा पिवळा डाग दिसला, तेव्हा मी शेजारच्या कुत्र्यावर आळ घेतला. आठ दिवसांत त्याची परात झाली, शेजारी आणखी दोन डाग उमटले आणि महिनाअखेरीस तिघे मिळून घोंगडी अंथरल्यासारखे दिसू लागले. दरम्यान, गवत फिके पडले आहे म्हणजे ते उपाशी असणार, अशा समजुतीने मी दोन किलो युरिया फेकून मोकळा झालो होतो. त्यानेही भागेना, तेव्हा एका दुकानात गेलो. तिथे फोटोसुद्धा न पाहता ‘हुमणी आहे’, म्हणजे मातीत राहून मुळे खाणारी अळी आहे, असे सांगून मला कीटकनाशकाची बाटली देण्यात आली. दुकानदाराचे नाव घेत नाही. न बघता विकण्याची चूक त्याची असेलही, पण न बघता ओतले ते मीच.

तुम्हाला सगळे सांगितले तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, “उद्या सकाळी साडेसहाला येते. तोवर काही ओतू नकोस आणि दंवही झाडू नकोस.” त्या वेळेचे महत्त्व मला दुसऱ्या दिवशी कळले. गुडघे दुखत असूनही तुम्ही पाट मागवून डागाच्या कडेला बसलात आणि मला वाकून पाहायला लावलेत. पिवळ्या वर्तुळाच्या कडेने दोन बोटे रुंद, ओलसर, धुरकट रंगाची पट्टी होती आणि पात्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू ताणलेले होते. रोज त्याच अंगणात दहा वाजता उभे राहून मी हळहळत होतो, पण हे मला कधी दिसले नव्हते. आठच्या सुमारास ऊन आले, दंव वाळले आणि ते जाळे आमच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले.

मग तुम्ही डागाच्या कडेचे एक पाते चिमटीत धरून हलकेच ओढलेत. ते मुळांसकट उपटून न येता खोडापासून अलगद सुटून हातात आले, आणि त्याचा बुडखा तपकिरी, कुजलेला होता. हुमणीने मुळे खाल्लेली असती तर गवताचा थरच सतरंजीसारखा गुंडाळता आला असता, हे सांगून तुम्ही थांबला नाहीत. मी जिथे कीटकनाशक ओतले नव्हते अशी जागा मुद्दाम विचारून घेतलीत, तिथे खुरप्याने फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापलात आणि वहीचे पान उलटावे तसा उलटलात. खाली दोन गांडुळे, एकच हुमणी आणि शाबूत पांढरी मुळे निघाली. चौरस फुटात पाच-सहा अळ्या सापडल्या असत्या तर गोष्ट वेगळी, असे तुम्ही म्हणालात. कुत्र्याचीही तुम्ही तिथेच निर्दोष मुक्तता केलीत. त्याच्या मुतण्याने मधोमध जळालेला छोटा ठिपका पडतो आणि कडेचे गवत बहुधा उलट जास्तच हिरवे होते.

तरीही तुमचे समाधान झाले नव्हते. कडेची थोडी पाती ओल्या कागदावर ठेवून डब्यात झाकून घरी नेलीत, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून तुमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू दाखवलेत. मुख्य तंतूला जवळजवळ काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि जिथे फांदी फुटते तिथे किंचित आवळल्यासारखी मान. “रायझोक्टोनिया सोलानी,” तुम्ही म्हणालात, “भातावर पर्णकोष करपा हा रोग आणते ती बुरशी हीच.” मावळातल्या भाताचे रोग पाहण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या तुम्हाला ती आमच्या अंगणात भेटली, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद होता, हे मी थोडे रागावूनच नोंदवतो.

त्यानंतरची दहा मिनिटे माझी उलटतपासणी झाली आणि तीच मला सर्वांत उपयोगी पडली. आमचे लॉन आठशे चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. दोन किलो युरियात ४६ टक्क्यांच्या हिशेबाने ९२० ग्रॅम नत्र, म्हणजे चौरस मीटरला बारा ग्रॅमहून अधिक, तेही एका दमात. एका वेळी पाच ग्रॅम पुरेसे झाले असते. त्या नत्राने लुसलुशीत झालेली पाती बुरशीला आयतीच मिळाली. पावसाने चार दिवस उघडीप दिली की मी संध्याकाळी कारंजे लावत होतो, म्हणजे रात्रभर पाने ओली, आणि पारा वीस अंशांच्या खाली उतरत नाही अशा या रात्रींत बुरशीला आणखी काय हवे? गवत गालिच्यासारखे दिसावे म्हणून मी ते अगदी बुडापर्यंत कापून घेत होतो. कापायच्या यंत्राची पाती इतकी बोथट होती की गवताचे प्रत्येक टोक फाटून पांढरे पडले होते, आणि तेच ओले यंत्र रोगट भागावरून निरोगी भागावर फिरत होते.

फवारणीसाठी मी उतावीळ झालो होतो, पण तुम्ही नकार दिलात. डागातली आडवी खोडे नखाने खरवडून दाखवलीत. आतून ती पांढरी आणि टणक होती, म्हणजे गवत जिवंत होते. मेलेले पाते कोणत्याही बुरशीनाशकाने हिरवे होत नाही, ते फार तर पसरणे थांबवते, हे तुम्ही समजावलेत. शिवाय लॉनच्या कडेच्या हरळीतून आई गणपतीसाठी दूर्वा खुडते, हे माझ्या नव्हे, तुमच्या लक्षात होते. तुम्ही प्रत्येक डागाच्या कडेने बांबूच्या काड्या रोवल्यात आणि दहा दिवसांत रोगाने काड्या ओलांडल्या तरच फवारणीचे बघू, असे ठरवलेत.

युरिया बंद केला. पाणी लागलेच तर पहाटे द्यायचे ठरले. सकाळी लांब काठी गवतावरून फिरवून दंव खाली पाडायचे काम मुलाने आवडीने घेतले. यंत्राच्या पात्यांना धार लावली, गवत दीड-दोन इंच ठेवले, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापले नाही, आणि रोगट भाग नेहमी शेवटी कापून यंत्र धुतले. दाताळ्याने मेलेल्या काड्यांचा बोटभर थर ओढून काढला, तेव्हा तीन पोती भरली. आंब्याच्या खालच्या दोन फांद्या उतरवल्या. शेवटी दहा किलो चाळलेल्या कुजलेल्या शेणखतात शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळून तुम्ही सांगितले तसे पसरले.

दहाव्या दिवशी काड्या पाहायला गेलो तेव्हा छाती धडधडत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. दोन डाग काड्यांच्या आतच होते. तिसरा, आंब्याखालचा, एका बाजूने चार बोटे पुढे सरकला होता. तिथेही तुम्ही फवारणी सांगितली नाहीत. “इथे ऊन येत नाही, लॉनचा हट्ट सोड,” असे म्हणून पिशवीतून अळूचे कंद काढून दिलेत. बाकीच्या दोन डागांत त्याच खोडांना नवी पाती फुटली. जवळून पाहिले तर त्या जागा अजून विरळ आहेत, आणि बुरशीचे कण जमिनीत राहतात हे तुम्ही सांगितल्यामुळे काड्या मी तशाच ठेवल्या आहेत. पुढच्या जूनमध्ये पहिली नजर तिथेच जाईल.

आंब्याखालच्या अळूला आता हातभर पाने आली आहेत. आई रविवारी अळूवडी करणार आहे, ती घेऊन येतो. तुमचे भिंगही माझ्याकडेच राहिले आहे, तेही तेव्हाच परत करीन.

आपला कृतज्ञ,
पलीकडच्या गल्लीतला शेजारी