तीन निवेदक आणि एक चर्चा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

वाचनगटात या वेळी तीन निवेदकांची, म्हणजे तीन पात्रं आपापल्या तोंडून सांगतात अशी, कादंबरी घेतली आहे आणि चर्चा तू चालवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कशी करू, असं तू विचारलं आहेस. आधी एक सांगते, "यांतलं खरं कोण बोलतंय?" हा प्रश्न सुरुवातीला टाकू नकोस. तो टाकला की पंधरा मिनिटांत निकाल लागतो आणि उरलेला वेळ लोक आपापल्या निकालाची वकिली करत बसतात. पुस्तक उघडायचंच राहून जातं. त्याऐवजी विचार, हा माणूस हे सगळं कुणाला सांगतोय आणि ऐकणाऱ्याने आपल्याबद्दल काय समजावं असं त्याला वाटतंय? याचं उत्तर द्यायला पानं उलटावीच लागतात.

'अविश्वसनीय निवेदक', म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाला पूर्ण विसंबता येत नाही असा निवेदक, ही कल्पना अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली मांडली. त्यांची कसोटी अशी, की कलाकृती ज्या मूल्यांवर उभी आहे त्यांच्याशी निवेदकाचं बोलणं जुळतं का? निवेदक मला आवडला नाही किंवा त्याची मतं मला पटली नाहीत, म्हणून तो अविश्वसनीय ठरत नाही. गटात हा घोळ हमखास होतो. उद्धट, स्वार्थी पात्रावर सगळे तुटून पडतात आणि गोड बोलणारं पात्र सहीसलामत सुटतं. खरं तर पानोपानी आर्जव करणाऱ्याकडे जास्त बारकाईने बघायला हवं.

पुढे समीक्षक जेम्स फेलन यांनी केलेली वर्गवारी चर्चेत फार उपयोगी पडते. निवेदक तीन कामं करतो: काय घडलं ते सांगतो, त्याचा अर्थ लावतो आणि बरंवाईट ठरवतो. यातलं प्रत्येक काम तो चुकीचं करू शकतो किंवा अपुरं. म्हणजे सहा शक्यता झाल्या. कुणी नुसतं "तो खोटारडा आहे" म्हणालं, की तू विचारायचं, या सहांपैकी कोणतं? घटना अगदी खरी सांगून तिचा अर्थ साफ चुकवणारा निवेदक खोटारडा नसतो. आणि काहीही खोटं न सांगता एक गोष्ट गाळणारा माणूस सगळ्यांत अवघड.

काझुओ इशिगुरोंच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) या कादंबरीतला निवेदक, बटलर स्टीव्हन्स आठव. वडील वरच्या खोलीत अखेरच्या घटका मोजत आहेत आणि हा खाली पाहुण्यांची सरबराई करतोय. आपल्याला काय वाटतंय याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पण आधी एक तरुण पाहुणा त्याला बरं आहे ना विचारतो आणि मग मालक म्हणतात की तू रडल्यासारखा दिसतोस. त्याचे अश्रू आपल्याला फक्त दुसऱ्याच्या तोंडून कळतात. लबाडी इथे कुठेच नाही, आहे ते अपुरं सांगणं. त्याच पुस्तकात घरकामाचा कारभार बघणाऱ्या मिस केंटनच्या बंद दाराबाहेर उभं राहिल्याची आठवण तो दोनदा सांगतो. आधी ती एका प्रसंगाशी जोडतो आणि पुढे म्हणतो की नाही, ती बहुधा वेगळ्याच रात्रीची. भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून हे निसटतं, म्हणून चर्चेत दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचावे लागतात. तुमच्या कादंबरीतही अशा दुरुस्त्या शोध. "खरं तर", "नीट आठवत नाही, पण", "मी आधी म्हटलं होतं" हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करत जा.

आता तयारी. एका मोठ्या कागदावर तक्ता आख. डावीकडे पाच-सहा अशा घटना लिही, ज्या निदान दोघांच्या वाट्याला आल्या आहेत, आणि वरच्या ओळीत तिघांची नावं. चौकटीत सारांश लिहायचा नाही, मूळ मजकुरातले तीन-चार शब्द जसेच्या तसे उतरवायचे. सारांश लिहिला की तुझं मत नकळत आत शिरतं आणि चर्चा मग तुझ्या सारांशावर होते. ज्या चौकटी रिकाम्या राहतील त्यांवर सगळ्यांत जास्त वेळ दे. जेवणाच्या टेबलावरचं भांडण दोघं सांगतात आणि तिसरी, समोर बसलेली असूनही, तिथून थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर जाते, तर तिथे थांबायचं.

पृष्ठक्रमांकावर मात्र भिस्त ठेवू नकोस. आवृत्त्या वेगळ्या असतात आणि ई-बुकात अक्षरं मोठी केली की पानं बदलतात. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहिले की सगळ्यांना जागा सापडते. गटातले काहीजण अनुवाद वाचत असतील तर दोन-तीन कळीचे उतारे आधीच मुळाशी ताडून बघ. वाक्य सफाईदार करताना "बहुधा", "असावं", "मला वाटतं" हे शब्द अनुवादात गळू शकतात. मग मुळातला चाचरणारा निवेदक अनुवादात ठामपणे बोलायला लागतो आणि अर्धा गट भलत्याच माणसाबद्दल बोलत राहतो.

आणखी एक, आणि हे विसरू नकोस. चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला चिठ्ठी दे. पहिली शंका कुठे आली आणि कोणत्या निवेदकाबद्दल, एवढंच लिहून घे आणि चिठ्ठ्या गोळा कर. शेवट माहीत झाल्यावर माणसाला प्रामाणिकपणे वाटतं की मला पहिल्यापासूनच संशय होता, आणि त्यात दुसऱ्याचं ऐकलं की ही खात्री पक्की होते. चिठ्ठ्या हाताशी असल्या की लेखकाने कुठे किती जणांना गुंगवलं ते समोर दिसतं. पुस्तक संपवूनच यायचं, हे आठवडाभर आधी सर्वांना कळव. शेवट फुटू नये म्हणून जपत बोलायला लागलं तर अशा पुस्तकाची चर्चा होतच नाही.

आठ-दहा जण आणि दोन तास धरले, तर चिठ्ठ्या दहा मिनिटांत आटोप. तक्त्याला निदान पाऊण तास दे. मग एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लाव, दोघांना, एकामागून एक. पहिल्याने निवेदकावर पूर्ण विश्वास ठेवून वाचायचं, दुसऱ्याने संशयाने. परिच्छेद दोन्ही वेळा टिकला तर लेखकाने दार उघडं ठेवलं आहे असं समज. एका वाचनात आवाज अडखळला तर नेमका कोणत्या शब्दावर, ते विचार. लाजऱ्या मंडळींनाही यात बोलायला जमतं. उरलेल्या वेळात क्रमाचा प्रश्न घे. पहिल्या निवेदकाला वाचकाचा विश्वास आयता मिळतो, कारण तुलनेला दुसरं कुणी नसतं, आणि शेवटच्याचं म्हणणं निकालासारखं वाटतं. दुसरा भाग पहिला ठेवला असता तर आपण कुणाच्या बाजूने असतो?

सरावासाठी जपानी लेखक अकुतागावांची 'इन अ ग्रोव्ह' (१९२२) ही छोटी कथा एका बैठकीत वाचून होते. एका मृत्यूबद्दल सात जबान्या आहेत. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, मेलेल्या माणसाची बायको म्हणते मी मारलं आणि तो मेलेला माणूस मांत्रिकेच्या तोंडून म्हणतो की मी स्वतःला संपवलं. माणूस अंग काढून घेण्यासाठी खोटं बोलतो, ही आपली समजूत इथे कोलमडते, कारण तिघंही मरण स्वतःकडे घेतात. मग ते कशाचं रक्षण करतात? शौर्याचं, अब्रूचं, मानाचं? हाच प्रश्न तुमच्या तिघांना लावून बघ. एक सावधगिरी घे. याच कथेवरचा कुरोसावांचा 'राशोमोन' (१९५०) हा चित्रपट पाहिलेले लोक लाकूडतोड्याची दुसरी हकिगत मध्ये आणतील. ती चित्रपटात आहे, या कथेत नाही.

गाडी रुळावरून घसरायच्या जागा ठरलेल्या असतात. कुणीतरी निवेदकाला मानसिक आजाराचं नाव देतं आणि सगळे माना डोलावतात. नाव मिळालं की वाचायचं थांबतं, म्हणून "हे कोणत्या वाक्यावरून?" असं विचारून परत मजकुरावर आण. कुणी निवेदकाची मतं लेखकाच्या माथी मारतं. कुणी इंटरनेटवरचा उलगडा वाचून आलेलं असतं, त्याला शेवटच्या अर्ध्या तासात बोलायला सांग. आणि "प्रत्येकाचं सत्य वेगळं" हे वाक्य तर येणारच. ते आलं की तक्त्यातल्या ज्या गोष्टींवर तिघांचंही एकमत आहे त्या मोठ्याने वाचून दाखव. अकुतागावांच्या कथेतही माणूस मेला आहे, हे कुणी नाकारत नाही. एकमताच्या गोष्टी पक्क्या झाल्या की मतभेद नेमका कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवता येतं.

तुझं स्वतःचं मत असेलच, ते शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत राखून ठेव. चर्चा चालवणारीने आधी बोललं की बाकीचे तिच्याशी सहमत व्हायला किंवा तिला खोडायला बघतात. तक्ता झाला की फोटो पाठव, मीही कादंबरी वाचायला घेतली आहे.

तुझी,
आई