विषय : चौदा महिन्यांत तीनदा बंद पडलेला ४५० वॅटचा एसएमपीएस आणि ‘बदली’ म्हणून आलेला माझाच जुना नग

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी विट्यात (जि. सांगली) लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पावतीपुस्तकांचं डीटीपीचं काम करते. दुकानात एकच कॉम्प्युटर आहे. त्यात २७ जून २०२४ रोजी आपल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा (आम्ही नुसतं ‘सप्लाय’ म्हणतो), बसवला. किंमत १,८५० रुपये, वॉरंटी तीन वर्षं, पावती सोबत जोडली आहे.

९ डिसेंबर २०२४ ला तो पहिल्यांदा बंद पडला. त्याआधी तीन आठवडे मशीन मधेच आपोआप रीस्टार्ट व्हायचं. लग्नसराई होती. पत्रिका अर्धी जुळवून झाली की स्क्रीन काळी. आधी मला रॅमचा संशय आला म्हणून ती काढून खोडरबरने घासली. मग विंडोज खराब म्हणून फॉरमॅट मारलं आणि त्यात कोरलच्या जुन्या फाइली गेल्या, ते दुःख वेगळंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दरवेळी ‘कर्नल पॉवर ४१’ एवढीच नोंद. त्याचा अर्थ मशीन रीतसर बंद न होता पॉवर गेली. ती का गेली, हे ती नोंद सांगत नाही. शेवटी एका सकाळी काहीच चालू होईना. मशीन बंद असतानाही माऊसखाली जो लाल उजेड दिसायचा तोही नव्हता, म्हणजे स्टँडबायचे ५ व्होल्टसुद्धा येत नव्हते.

सांगलीच्या आपल्या सर्व्हिस सेंटरला एसटीने गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, विट्यात यंत्रमाग आहेत ना, लाइट वर-खाली होत असणार. सप्लाय त्यानेच जातात.” खरं सांगायचं तर तेव्हा मला ते पटलं. कारण घरी येऊन वायरमनला बोलावलं तर दुकानाच्या अर्थिंगची तार सॉकेटच्या मागे सुटलेली निघाली. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि मीटर लावला तर कॅबिनेट आणि अर्थ यांच्यात १०८ व्होल्ट. अर्थिंग तुटलं की सप्लायमधल्या फिल्टरमुळे निम्म्या लाइटच्या आसपास व्होल्टेज पत्र्यावर येतं. ही माझ्याकडची चूक होती आणि ती मी मान्य करते. नवीन खड्डा काढून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग करून घेतलं. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्टसुद्धा येत नाही. शिवाय एक हजार व्हीएचा, आत स्टॅबिलायझर असलेला यूपीएस घेतला. २ जानेवारीला बदली नग आला आणि वाटलं, विषय मिटला.

१७ एप्रिलला दुपारी फट्‌ आवाज झाला, जळका वास आला आणि एमसीबी पडला. दुसरा नग गेला. १२ मे रोजी तिसरा आला. तो २१ जुलैला गेला, पण या वेळी हळूहळू. त्याचा पंखा फिरायचाच थांबला होता. पिवळ्या वायरीवर १२ ऐवजी १०.९ व्होल्ट मिळत होते. एटीएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर सप्लायच्या मानकाच्या, नियमाप्रमाणे १२ व्होल्टच्या लाइनवर पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याखाली गेलं की मशीनने रीस्टार्ट मारणं साहजिक आहे.

प्रत्येक वेळी आपल्या सेंटरच्या कागदावर एकच शेरा : ‘हाय व्होल्टेज / पॉवर फ्लक्च्युएशन’. म्हणून तिसऱ्या वेळी मी बारा दिवस रोज सकाळी नऊ, दुपारी दोन आणि रात्री नऊला सॉकेटवरचं व्होल्टेज वहीत लिहून ठेवलं. सर्वांत कमी २१४ आणि सर्वांत जास्त २४१. यातलं कोणतं व्होल्टेज ‘हाय’ आहे? आपल्याच नगाच्या लेबलवर २०० ते २४० छापलंय. एका रात्री एक व्होल्ट जास्त आलं म्हणून सप्लाय जळत असेल तर तो विट्यात काय, कुठेच टिकायचा नाही.

त्याहून साधा पुरावा म्हणजे माझ्या भाच्याने त्याच्या पडून असलेल्या कॉम्प्युटरमधला दहा वर्षं जुना, दुसऱ्या कंपनीचा सप्लाय काढून दिला. २२ जुलैपासून तोच लावलाय. सॉकेट तोच, यूपीएस तोच, मदरबोर्ड तोच, विट्याची लाइटही तीच. हे पत्र त्याच मशीनवर टाइप करतेय. या काळात एकही रीस्टार्ट नाही.

आता हेल्पलाइनबद्दल. २१ जुलैला फोन केला तेव्हा आपल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, “घरात कुणी जरा टेक्निकल आहे का?” मी १९९८ साली आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केलाय, पण तेव्हा ते सांगायचं सुचलं नाही. मग त्यांनीच मला मोठ्या चोवीस पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर यू-पिनने काळ्या वायरीला जोडून पाहायला सांगितलं, कारण मदरबोर्डशिवाय सप्लाय चालू करायचा तर हाच मार्ग. मी ते केलं. नग सेंटरला दिल्यावर रिपोर्टमध्ये काय आलं? ‘कस्टमर टॅम्परिंग.’ आपणच सांगायचं आणि आपणच छेडछाड म्हणायचं! सील तुटलेलं नाही, त्याचे फोटो जोडले आहेत. तो डबा मी उघडला नाही आणि उघडणारही नाही. २३० व्होल्टची एसी लाइट आत डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहतात, एवढं आयटीआयच्या पहिल्या वर्षीच शिकवतात.

लेबलचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. ३.३ व्होल्टला १४ अँपिअर, ५ व्होल्टला १५, १२ व्होल्टला १६, स्टँडबायला २ आणि उणे १२ ला ०.३ असे आकडे छापलेत. गुणाकार करून सगळ्यांची बेरीज ३२७ वॅट होते. सगळ्या लाइनी एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मग खोक्यावरचे ४५० कुठून आले? वरचे १२३ वॅट तुमच्या छपाईवाल्याने दिले असतील तर सांगा, मीही छपाईच्याच धंद्यात आहे. आणि तुम्ही ‘लोड जास्त’ म्हणाल म्हणून आधीच सांगते, माझा प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट खातो, छोटं ग्राफिक्स कार्ड ३० वॅट, एक हार्ड डिस्क आणि एक एसएसडी. १२ व्होल्टच्या लाइनवर तुम्हीच कबूल केलेल्या १९२ वॅटच्या आत हे सगळं बसतं.

हे सगळं मी गिळलंही असतं. पत्र लिहायला कारण घडलं ते २५ ऑगस्टला, गणपतीच्या दोन दिवस आधी, चौथा नग आला तेव्हा. खोकं नवं, थर्माकोल नवा, वर ‘टेस्टेड ओके’चा स्टिकर. नग बाहेर काढला तर पंख्याच्या जाळीजवळच्या स्क्रूच्या खाचेत लाल काहीतरी. आधी गंज वाटला. नखाने काढून पाहिलं तर कुंकू.

दर खंडेनवमीला मी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढते आणि प्रिंटर, कटिंग मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू लावते. २०२४ च्या खंडेनवमीला सप्लायलाही बोट लावलं होतं. मग पहिल्या नगाचा मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो शोधला आणि सिरियल नंबर ताडून पाहिला. आकडा न आकडा तोच. डिसेंबरमध्ये मी ‘खराब’ म्हणून दिलेला माझाच सप्लाय साडेआठ महिने फिरून ‘बदली’ म्हणून माझ्याकडे आलाय. कुंकूसुद्धा पुसायची तसदी कुणी घेतली नाही, तर आतलं काय तपासलं असेल?

तरी खात्री करून घेतली. यू-पिनने चालू केला, पंखा फिरला, १२ व्होल्टच्या वायरीवर ११.९. रिकामा असताना सगळेच चांगले वागतात. मग गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पिवळ्या-काळ्या वायरीला लावला. साडेचार अँपिअर ओढल्याबरोबर काटा ११.२ वर. म्हणजे सोळा अँपिअर देणारा नग साडेचारालाच मान टाकतोय. व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये दिला आहे.

माझं म्हणणं असं. मला याच मॉडेलचा पाचवा नग नको. तीनही वेळा बिघाड वेगळा होता, तेव्हा हा एका नगाचा दोष नाही, मॉडेलचा आहे. एकतर १,८५० रुपये परत करा किंवा १२ व्होल्टच्या लाइनवर किमान ३० अँपिअर देणारं आपलं वरचं मॉडेल, सीलबंद आणि नवीन, फरक न घेता द्या. सांगलीच्या तीन खेपांचं एसटीभाडं ही लहान रक्कम आहे, पण ती मी सोडणार नाही. आणि एप्रिल व जुलैच्या नगांत नेमकं काय जळालं ते लेखी हवं. ‘फ्लक्च्युएशन’ हा शब्द न वापरता. काउंटरवरच्या मुलाला यात धरू नका, त्याला वरून जे छापून येतं तेच तो सांगतो.

पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

आपली ग्राहक,
(सही)
विटा, जि. सांगली

सोबत : खरेदीची पावती, तीन सर्व्हिस रिपोर्ट, व्होल्टेजच्या वहीची झेरॉक्स, दोन्ही वेळचे सिरियल नंबरचे फोटो, पेनड्राइव्ह.

ता. क. : कुंकू लागलेला नग मी मशीनला जोडलेला नाही. तो त्याच खोक्यात आहे. आपला माणूस आला तर दाखवीन, पण सिरियल नंबर लिहिलेल्या पोचपावतीशिवाय हातात देणार नाही.