‘सजेस्ट’च्या खोड्या

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

‘ही सजेस्टेड दॅट शी गो’ या इंग्रजी वाक्यातला ‘गो’ ही तुला वाटली तशी छापखान्याची चूक नव्हे. तिनं जावं असं त्यानं सुचवलं. जाणं अजून घडलेलंच नाही. आपल्या ‘जावं’ला जसा काळ चिकटत नाही, तसा या ‘गो’लाही नाही. ‘वेंट’ लिहिलंस तर ती खरंच गेली, असंही कुणी वाचेल. नकारातही ‘डिडन्ट’ येत नाही: ‘ही सजेस्टेड दॅट शी नॉट गो’. कानाला खटकतं, मान्य. ब्रिटिश वळणानं ‘शी शुडन्ट गो’ लिही. ऑफिसच्या मेलला ते बरं.

पण ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट शी हॅज मलेरिया’ इथे ‘हॅव’ घातलंस की फसलास. रिपोर्ट सल्ला देत नाही, लक्षण दाखवतो. तेव्हा आधी बघायचं, सल्ला आहे की अंदाज. सल्ल्याला ‘जावं’वालं रूप, अंदाजाला नेहमीचा काळ.

आपल्याला खरा दगा देतो तो ‘ला’ प्रत्यय. ‘मला हॉटेल सुचव’ म्हणून आपण बेधडक ‘सजेस्ट मी अ हॉटेल’ लिहितो. ‘सजेस्ट’ माणसाला सरळ जवळ करत नाही, मध्ये ‘टू’ लागतो: ‘ही सजेस्टेड अ हॉटेल टू मी’. विचारताना तर ‘मला’ गाळलेलंच बरं: ‘कॅन यू सजेस्ट अ हॉटेल?’ ‘एक्सप्लेन’ची तीच गत. ‘टेल’, ‘गिव्ह’, ‘शो’ मात्र ‘मी’ सरळ घेतात, म्हणून घोटाळा होतो.

कर्मणीत हा घोटाळा उघडा पडतो. ‘आय वॉज टोल्ड द रूल्स’ बरोबर, पण आपल्याकडे सर्रास चालणारं ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल्स’ चूक. कर्तरीत ज्याला ‘टू’शिवाय जागा नव्हती, तो कर्मणीत कर्ता कसा होणार? ‘द रूल्स वेअर एक्सप्लेन्ड टू मी’ असं हवं. ‘मेक’चं उलटंच: ‘दे मेड मी वेट’मध्ये ‘टू’ नाही, ‘आय वॉज मेड टू वेट’मध्ये येतो. ‘लेट’ कर्मणीत वापरूच नकोस, ‘आय वॉज अलाउड टू वेट’ लिही.

इंग्रजी-मराठी कोशात यातलं फारसं सापडणार नाही. परभाषकांसाठीचा इंग्रजी कोश घे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबीच्या १९४२ च्या कोशापासून क्रियापदाचे वाक्यनमुने देण्याची रीत अशा कोशांत आहे. ‘सजेस्ट समथिंग टू समबडी’, ‘सजेस्ट डूइंग समथिंग’ असं ठळक छापलेलं असतं. अर्थाआधी ते वाच. ‘डूइंग’ दिसलं की ‘सजेस्टेड टू गो’ बाद, ‘सजेस्टेड गोइंग’ हवं. मग प्रत्येक नमुन्याचं एक साधं वाक्य, एक प्रश्न, एक नकार आणि जमत असेल तिथे कर्मणी वहीत लिही.

‘अ‍ॅडव्हाइज’ची अशी चार वाक्यं उलट टपाली पाठव. अर्थ ‘सजेस्ट’च्या शेजारचा, पण ते माणूस सरळ घेतं आणि पुढे ‘टू’ही: ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो’.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत